एमआरआय भयंकर, पण मूल चालत आलं: अ‍ॅस्ट्रोसाइट बिघडली की काय होतं त्याचं एक प्रकरण

एमएलसी या आजारात एमआरआय आणि पेशंट यांचा मेळच बसत नाही. फिल्म बघितली तर मेंदूतलं जवळजवळ सगळं व्हाइट मॅटर, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तारांचा आतला भाग, पाणी भरल्यासारखं फुगलेलं, कानशिलाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या गाठी, बघणारा कुणीही म्हणेल की हे पोर अंथरुणाला खिळलेलं असणार, आणि प्रत्यक्षात ते आईचं बोट धरून ओपीडीत चालत येतं, खुर्चीवर चढून बसतं, विचारलं की स्वतःचं नाव सांगतं. आजाराचं पूर्ण नाव लांबलचक आहे, मेगालेन्सेफॅलिक ल्युकोएन्सेफॅलोपॅथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स, म्हणजे डोकं मोठं, व्हाइट मॅटर बिघडलेलं आणि कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराच्या, खाली सिस्ट, म्हणजे त्या पाण्याच्या गाठी. तिन्ही गोष्टी नावातच आल्या.

हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण याचा मोठा भाग आपल्या मुंबईत उलगडलाय आणि तरी आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे मेंदूचा आजार म्हटलं की आपण सरळ न्यूरॉनवर, म्हणजे संदेश नेणाऱ्या पेशीवर, येतो, न्यूरॉन मेले, न्यूरॉन सुकले, बस्स. या आजारात न्यूरॉनमध्ये मूळ दोष नाहीच, मायलिन, म्हणजे त्या तारांवरचं वेष्टण, बनवणाऱ्या पेशीतही नाही. दोष आहे अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये, जिला आपल्या पुस्तकांनी वर्षानुवर्षं 'आधार देणारी पेशी' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळलं. तिची एकच ड्युटी चुकते, पाण्याची, आणि त्याची किंमत अख्खा मेंदू मोजतो.

मुंबईत काय दिसलं

1991 मध्ये बॉम्बे हॉस्पिटलचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. भीमसेन सिंघल आणि सहकाऱ्यांनी एका आशियाई न्यूरॉलॉजी परिषदेत भारतातल्या या मोठ्या डोक्याच्या ल्युकोडिस्ट्रॉफीबद्दल, म्हणजे व्हाइट मॅटरच्या आजाराबद्दल, मांडणी केली. मुलं वेगवेगळ्या कुटुंबांतली, पण घरची माहिती नीट लिहून घेतली तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली, बरीचशी मुलं अग्रवाल समाजातली होती. 1996 मध्ये सिंघल, गुरसहानी, उदानी आणि बिनीवाले यांचा पेपर 'पीडियाट्रिक न्यूरॉलॉजी'मध्ये आला आणि त्याच्या शीर्षकातच हा आजार एका भारतीय समाजात दिसतोय असं म्हटलं होतं. मधल्या काळात, 1995 मध्ये, नेदरलँड्सच्या डॉ. मार्यो व्हॅन डर नाप यांनी आठ मुलांचं वर्णन छापलं, तेही एमआरआय एवढा वाईट आणि मूल त्या मानाने एवढं बरं कसं या आश्चर्यावरच उभं होतं. म्हणून जगात कुठे कुठे याला व्हॅन डर नाप डिसीज म्हणतात.

नावाचा मान कुणाला मिळाला यावर भांडण्यात अर्थ नाही, पण मला मुंबईच्या कामाचं फार मोल वाटतं. त्या वेळी जीन माहीत नव्हता, रक्ताची कुठली तपासणी पॉझिटिव्ह येत नव्हती, हातात होतं काय तर मोजपट्टी, एमआरआय आणि कुटुंबाची हिस्टरी घ्यायची चिकाटी. समाज कुठला हे विचारणं आपल्याकडे नाजूक असतं, आणि असायलाच पाहिजे, पण डॉक्टरच्या कागदावर ती नोंद नसती तर पुढे एकच जीन-बदल शोधायला अजून किती वर्षं गेली असती कोण जाणे.

मूल कसं येतं

बहुतेक वेळा सुरुवात डोक्यापासून होते. जन्मतःच डोकं मोठं, किंवा पहिल्या वर्षात भराभर वाढणारं. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 46 सेंटिमीटर असतो, इथे आकडा तक्त्यातल्या सगळ्यात वरच्या रेषेच्याही पार जातो. पहिल्या वर्षानंतर मात्र वाढीचा वेग नॉर्मल होतो, म्हणजे रेष वर जाऊन मग तक्त्याला समांतर चालत राहते, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण डोक्यात पाण्याचा दाब वाढत असेल तर रेष अशी शहाण्यासारखी समांतर सहसा चालत नाही. म्हणूनच एकदा मोजून काही कळत नाही, दर व्हिजिटला मोजून ठिपके जोडले तरच कळतं, पट्टी कपाळावर भुवईच्या जरा वरून आणि मागे सगळ्यात फुगीर भागावरून, घट्ट धरून. आपल्याकडे लसीकरणाच्या कार्डवर वजन नेमाने लिहिलं जातं पण डोक्याचा घेर बऱ्याचदा कोराच राहतो. तो लिहून घ्या, मागून घ्या.

बाकी मूल पहिल्या वर्षात जवळपास ठीक असतं. बसतं, हसतं, बोलायला लागतं. चालायला उशीर होतो आणि चालताना तोल नीट राहत नाही. घरचे म्हणतात डोकं जड आहे म्हणून पडतो, आणि ते अगदीच चूक नाही, पण खरं कारण हळूहळू बिघडणारा तोल आणि पायातला ताठरपणा. फिट्स जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी येतात, बऱ्याच मुलांच्या औषधाने आटोक्यात राहतात. शाळेत जातात, बुद्धीवर परिणाम उशिरा आणि त्या मानाने सौम्य. पण चाल खालावत जाते आणि बरीच मुलं किशोरवयात व्हीलचेअरवर येतात, काही त्याच्या आधी, काही बरीच नंतर. आयुष्य किती हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, काही जण विशीच्या आतबाहेर गेले आणि काही जण चाळिशीपुढेही आहेत. त्यामुळे पहिला एमआरआय बघून मुलाचं भविष्य सांगायला बसणाऱ्यांचा मला राग येतो. या आजारात फिल्म पेशंटपेक्षा कितीतरी वाईट दिसते, हे तर या आजाराचं पहिलं लक्षण.

मोठं डोकं बघून आधी हायड्रोसेफॅलसची, म्हणजे डोक्यात पाणी साठण्याची, शंका येणं साहजिक आहे. एमआरआयमध्ये फरक स्पष्ट असतो, हायड्रोसेफॅलसमध्ये मेंदूच्या आतल्या पोकळ्या, व्हेंट्रिकल्स, ताणलेल्या असतात, इथे त्या तशा नसतात, फुगलेलं असतं ते व्हाइट मॅटर. कॅनव्हान डिसीजमध्येही डोकं मोठं होतं पण लघवीत एन-अ‍ॅसेटिल-अ‍ॅस्पार्टेट वाढलेलं सापडतं आणि मूल लहानपणीच फार खालावतं. ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया टाइप 1 हा चयापचयाचा आजार, त्याची तपासणी वेगळी आणि तो वेळेत सापडला तर आहाराने बरंच वाचवता येतं, म्हणून तो विसरून चालत नाही. अलेक्झांडर डिसीजमध्ये बिघाड कपाळाच्या बाजूला जास्त असतो. आणि काही घरांत सगळ्यांचीच डोकी मोठी असतात, बाकी काही नसतं, अशा वेळी बापाच्या डोक्याला पट्टी लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. एमएलसीमध्ये कानशिलाच्या पुढच्या भागातल्या सिस्ट जवळजवळ नेहमी असतात आणि मेंदूच्या मधल्या रचना, कॉर्पस कॅलोसम, इंटर्नल कॅप्सूल, ब्रेनस्टेम, त्या मानाने वाचलेल्या असतात. हे दोन्ही दिसलं की बाकी यादी बाजूला ठेवून जीन टेस्टकडे जायचं.

अ‍ॅस्ट्रोसाइट दिवसभर करते काय

आता मुख्य मुद्दा. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज न्यूरॉन आहेत आणि न्यूरॉन नसलेल्या पेशीही साधारण तेवढ्याच. त्यातली अ‍ॅस्ट्रोसाइट दिसते ताऱ्यासारखी, मधे शरीर आणि चहूबाजूंनी बारीक फांद्या, आणि त्या फांद्या शेवटी इतक्या बारीक होतात की साध्या मायक्रोस्कोपखाली नुसता धुरकट ढग दिसतो. माणसाची एक अ‍ॅस्ट्रोसाइट अंदाजे 2,70,000 ते 20 लाख सिनॅप्सपर्यंत, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडांपर्यंत, पोचते असा हिशोब आहे. उंदराची यापेक्षा खूपच कमी सिनॅप्स सांभाळते.

सिनॅप्सच्या बाजूला तिचं काम म्हणजे सांडलेलं ग्लुटामेट उचलणं. ग्लुटामेट हा संदेश देणारा रेणू, पण तो तिथेच साचून राहिला तर न्यूरॉनला जाळतो, आणि तो उचलणारे पंप मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइटवर असतात. दुसरं, न्यूरॉन फायर झाला की पोटॅशियम बाहेर पडतं. पेशींच्या मधल्या पाण्यात पोटॅशियम एरवी लिटरमागे 3 मिलिमोल असतं, जोरात काम चालू असताना 10-12 पर्यंत चढू शकतं, आणि ते चढलेलं राहिलं तर आजूबाजूचे न्यूरॉन उगाच पेटतात, म्हणजेच फिट. हे पोटॅशियमही अ‍ॅस्ट्रोसाइटच आत घेते. शिवाय ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवून न्यूरॉनला पुरवणं, लहानपणी सिनॅप्स जुळायला मदत करणं आणि नको असलेले सिनॅप्स खाऊन टाकणं, अशी कामांची यादी मोठी आहे.

आपल्याला इथे हवी आहे ती तिची तिसरी बाजू, पाय. अ‍ॅस्ट्रोसाइटची एक तरी फांदी जाऊन रक्तवाहिनीला चिकटते आणि टोकाला पसरट होते, त्याला एंडफूट म्हणतात. मेंदूतली केशवाहिनी आडवी कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितली तर मधे रक्ताची पोकळी, भोवती पातळ भिंत, आणि त्या भिंतीला बाहेरून एकाला एक लागून हे एंडफूट, मधे जागाच जवळजवळ नाही. मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागाखालीही अशीच सलग फरशी असते. या एंडफूटच्या रक्तवाहिनीकडच्या बाजूला अ‍ॅक्वापोरिन-4 नावाचे पाण्याचे चॅनल दाटीवाटीने बसलेले असतात, शेजारी केआयआर 4.1 हे पोटॅशियमचे चॅनल, आणि त्यांच्याच गर्दीत एमएलसी1 नावाचं एक प्रोटीन.

बिघाड नेमका कुठे

हे प्रोटीन बनवणारा एमएलसी1 हा जीन 22 व्या क्रोमोसोमच्या टोकाला आहे आणि तो या आजाराशी जोडला गेला 2001 मध्ये, नेदरलँड्सच्या गटाकडून, त्याआधी तुर्कस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून जागा कळली होती. गंमत नाही, खरोखर लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे जीन सापडला तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की दोष मायलिनमध्ये असणार, कारण बायोप्सीत मायलिनच्या बाहेरच्या थरांमध्ये असंख्य पाण्याचे फुगे दिसले होते. पण प्रोटीन शोधायला गेले तर मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये ते मिळेचना. मिळालं ते अ‍ॅस्ट्रोसाइटच्या एंडफूटमध्ये. म्हणजे पडझड एका पेशीत आणि गुन्हा दुसरीत. पुढे नीट बघितल्यावर एंडफूटमध्येही फुगे सापडले.

मग हे प्रोटीन करतं काय. पोटॅशियम आत आलं की त्याच्यामागे पाणीही आत येतं, पेशी फुगते. निरोगी अ‍ॅस्ट्रोसाइट फुगल्यावर लगेच एक क्लोराइडचा रस्ता उघडते, क्लोराइड बाहेर, त्याच्यामागे पाणी बाहेर, पेशी परत पहिल्या आकाराला. 2011 मध्ये दाखवलं गेलं की एमएलसी1 बिघडलं की हा क्लोराइडचा प्रवाह कमी होतो आणि फुगलेली पेशी पूर्ववत व्हायला फार वेळ लावते. महापालिकेचा पाणी सोडणारा माणूस जसा आत येणारं आणि बाहेर जाणारं दोन्ही चाव्यांवर हात ठेवून असतो तशी ही पेशी आहे, आणि एमएलसीत तिची बाहेर सोडायची चावी कडक झालेली असते. एकदा पाणी अडलं म्हणून काही होत नाही. पण मेंदू सेकंदाला कितीदा तरी पोटॅशियम बाहेर टाकतो आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं मागे राहत गेलं की वर्षभरात डोकं मोठं.

त्याच 2011 मध्ये दुसरा जीन मिळाला, हेपाकॅम, त्याचं प्रोटीन ग्लायलकॅम. हे एमएलसी1 ला योग्य जागी, म्हणजे दोन अ‍ॅस्ट्रोसाइट जिथे एकमेकींना भिडतात तिथे, नेऊन बसवतं, आणि क्लोराइडच्या सीएलसी-2 नावाच्या चॅनललाही तेच जागेवर आणतं हे पुढच्याच वर्षी कळलं. 2023 मध्ये अजून दोन नावं जोडली गेली, जीपीआरसी5बी आणि चक्क अ‍ॅक्वापोरिन-4. म्हणजे वेगवेगळ्या घरांत वेगवेगळे जीन बिघडलेले, पण सगळे त्याच एका एंडफूटच्या पाण्याच्या कारभारातले. मला वाटतं एवढा स्वच्छ पुरावा मेंदूच्या फार कमी आजारांत मिळतो.

फिट्सचं कोडंही इथेच सुटतं. 2018 मध्ये एमएलसीच्या उंदरांवर झालेल्या कामात दिसलं की त्यांच्या मेंदूत पोटॅशियम आवरायची यंत्रणा बिघडलेली असते आणि फिट यायला कमी निमित्त पुरतं. न्यूरॉन स्वतः धड, पण ज्या पाण्यात तो बसलाय तेच बिघडलेलं.

डोक्याला लागलं तर

हे वेगळं लिहितेय कारण घरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. या मुलांना डोक्याला साधा मार लागला, पलंगावरून पडणं, दाराची चौकट लागणं, ज्याला आपण हळद लावून विसरून जातो तसा, तरी फिट येऊ शकते, मूल तासन् तास किंवा त्याहून जास्त गुंगीत जाऊ शकतं, चालणारं मूल काही काळ चालेनासं होऊ शकतं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव वगैरे काही नसतं. बहुतेक जण त्यातून परत सावरतात, काहींची चाल पहिल्यासारखी होत नाही. मार लागला की मेंदूत पोटॅशियम आणि पाणी एकदम हलतं, निरोगी मेंदू ते पचवतो, या मेंदूकडे पचवायची ताकद शिल्लक नसते, असं यामागचं स्पष्टीकरण मानलं जातं. साध्या तापानेही काही मुलांची अवस्था अशीच खालावते.

त्यामुळे कबड्डी, फुटबॉल, धक्काबुक्कीचे खेळ नकोत, घसरणाऱ्या फरशीवर मॅट, पडण्याची भीती जास्त असेल तिथे डोक्याला हेल्मेट, तापाला आळस नको. शाळेला लेखी कळवून ठेवायचं, आणि एक कागद कायम दप्तरात हवा ज्यावर आजाराचं नाव, चालू औषधं आणि 'किरकोळ मारानंतरही बेशुद्धी येऊ शकते' हे वाक्य. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने हा आजार आयुष्यात कधी बघितलेला नसण्याची शक्यता खूप जास्त आहे, आणि फिट चालू असताना आईला सगळं समजावून सांगायला वेळ नसतो.

अग्रवाल समाज, आणि आपण बाकीचे

2004 मध्ये सिंघल यांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात अग्रवाल मुलांमध्ये एमएलसी1 मधला एकच समान बदल दाखवला गेला, जीनच्या सुरुवातीच्या भागात 135 व्या जागी डीएनएचं एक 'सी' अक्षर जास्त. एक अक्षर वाढलं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रोटीन अर्धवट राहतं. वेगवेगळ्या घरांत हुबेहूब तोच बदल, म्हणजे कधीकाळी एका पूर्वजात झालेला आणि पिढ्यान् पिढ्या समाजात वाहत आलेला. लिबियातून आलेल्या ज्यू कुटुंबांतही असंच आहे, त्यांचा बदल वेगळा, पण गोष्ट तीच.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. अग्रवाल समाजात सगोत्र लग्न टाळतात, चुलत-मामे भावंडांची लग्नं होत नाहीत. तरी आजार आला, कारण गोत्र वेगळं असलं तरी लग्न समाजाच्या आतच, आणि हे शेकडो वर्षं चाललं की दोन अनोळखी माणसांतही तोच बदल लपलेला असू शकतो. एमएलसी1 मुळे होणारा आजार रिसेसिव्ह आहे, आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी, आईबाप स्वतः ठणठणीत. अशा जोडप्याला दर गरोदरपणात 25 टक्के शक्यता. आणि यात अग्रवाल समाजाकडे बोट दाखवायचं काहीही कारण नाही, महाराष्ट्रातली बहुतेक लग्नं अजून जातीतच होतात, वर अनेक घरांत मामाची मुलगी करायची पद्धत आहे, म्हणजे आपापले लपलेले बदल आपणही सांभाळून आहोतच, फक्त त्यांची नावं वेगळी. एमएलसी भारतात इतर समाजांतही सापडलेला आहे.

चांगली बाजू अशी की एकच बदल माहीत असल्यावर तपासणी सोपी होते. घरात एक मूल असेल तर पुढच्या गरोदरपणात 11 ते 13 आठवड्यांच्या सुमाराला वार तपासून निदान करता येतं, त्यासाठी आजारी मुलाचा आणि आईबापांचा जीन रिपोर्ट आधीच हातात हवा, गरोदर राहिल्यावर धावपळ करून तो वेळेत मिळत नाही. पीसीपीएनडीटी कायद्यात अशा जनुकीय आजाराच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे, लिंग सांगायला नाही. आणि यात सुनेच्या माथी खापर फोडण्याचा जो प्रकार होतो तो ताबडतोब थांबला पाहिजे, रिसेसिव्ह आजारात दोन्ही बाजूंचा वाटा बरोब्बर अर्धा अर्धा असतो.

मग अल्झायमर, पार्किन्सन, एएलएसचं काय

एमएलसी झालेल्या मुलाला पुढे अल्झायमर होतो असं काही नाही, तसा अर्थ कुणी काढू नये. पण एमएलसीत जे सुटे भाग एकेकटे मोडलेले दिसतात तेच भाग म्हातारपणीच्या आजारांत गोंधळातून डोकावतात. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या उंदरांत अ‍ॅस्ट्रोसाइटवरचे केआयआर 4.1 चॅनल कमी झालेले सापडले, आणि 2014 मध्ये ते फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये वाढवून दिले तर उंदीर जास्त जगले. एएलएसमध्ये, म्हणजे स्नायू हलवणारे मोटर न्यूरॉन मरत जातात त्या आजारात, ग्लुटामेट उचलणारे पंप घटतात, आणि 2007 मध्ये दोन प्रयोगशाळांनी दाखवलं की एसओडी1 या जीनचा बिघाड असलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट शेजारी वाढवल्या तर निरोगी मोटर न्यूरॉनही मरतात. अल्झायमरमध्ये ज्या एपीओई जीनचं नाव सारखं ऐकू येतं त्याचं प्रोटीन मेंदूत मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइटच बनवतात. आणि मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या 2017 च्या अभ्यासात दिसलं की अल्झायमर झालेल्यांत अ‍ॅक्वापोरिन-4 रक्तवाहिनीभोवतीची आपली जागा सोडून विस्कटलेलं होतं, ज्यांचा मेंदू म्हातारपणीही शाबूत होता त्यांच्यात जागेवर होतं.

या शेवटच्या मुद्द्यावरून 'ग्लिम्फॅटिक' नावाची कल्पना 2012 पासून गाजतेय, की एंडफूटच्या बाजूने पाणी वाहतं आणि झोपेत मेंदूचा कचरा धुऊन नेतं. कल्पना आकर्षक आहे पण अजून पक्की नाही, 2024 मध्ये उंदरांवरच्या एका मोजणीत झोपेत सफाई उलट कमी झालेली दिसली. त्यामुळे 'झोपा आणि अल्झायमर टाळा' असे जे व्हिडिओ फिरतायत ते जपून घ्या. अ‍ॅस्ट्रोसाइटच्या वाईट आणि चांगल्या अशा दोन जाती, ए1 आणि ए2, ही 2017 ची विभागणीही अशीच भराभर पसरली आणि 2021 मध्ये याच क्षेत्रातल्या बऱ्याच शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं की असे दोनच कप्पे करू नका, आजारानुसार, जागेनुसार ही पेशी वेगवेगळी वागते.

अलेक्झांडर डिसीज शेजारी ठेवला की हे नीट कळतं. तोही अ‍ॅस्ट्रोसाइटचाच आजार, त्याचा जीन, जीएफएपी, तोही 2001 मध्येच सापडला. पण तिथे प्रोटीन कमी पडत नाही, बिघडलेलं प्रोटीन साचून गुठळ्या होतात. जीएफएपी अजिबात नसलेले उंदीर जवळपास ठीक राहतात, म्हणून तिथे औषधाची दिशा आहे ते प्रोटीन बनणंच कमी करायचं, आणि तशा अँटिसेन्स औषधाच्या ट्रायल माणसांवर सुरूही झाल्या. एमएलसीत नेमकं उलटं, प्रोटीन नाही म्हणून आजार, म्हणजे ते परत द्यायला हवं. पेशी एकच, आणि इलाज एकमेकांच्या विरुद्ध.

इलाज कुठवर आलाय

आजच्या घडीला मूळ आजारावर औषध नाही. फिटची औषधं, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, गरज पडेल तशी आधाराची साधनं, बस्स एवढंच, आणि हे एवढंच नेमाने केलं तरी मुलाची कितीतरी वर्षं चांगली जातात. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका, या आजारात त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही.

जीन थेरपीचं काम स्पेनमधल्या गटाने उंदरांवर केलंय. एमएलसी1 ची चांगली प्रत निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमधून लहान मेंदूपर्यंत, म्हणजे सेरेबेलमपर्यंत, पोचवली, ती फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटमध्येच चालू होईल अशी तजवीज केली, आणि मायलिनमधले फुगे कमी झाले. उंदराचा मेंदू केवढा आणि माणसाचा केवढा, त्यामुळे हे लगेच दवाखान्यात येईल असं नाही.

पण माझी आशा उंदरांपेक्षा एका वेगळ्या मुलांच्या गटावर जास्त आहे. हेपाकॅमचे काही बदल असे आहेत की एकच बिघडलेली प्रत पुरते, मूल तसंच मोठ्या डोक्याचं, एमआरआय पहिल्या वर्ष-दोन वर्षांत अगदी एमएलसीसारखाच फुगलेला, फिल्म बघून फरक सांगता येणार नाही इतका. आणि मग पुढच्या काही वर्षांत ती सूज ओसरत जाते, व्हाइट मॅटर जवळपास नॉर्मल दिसायला लागतं, मुलं चालतात, धावतात, काहींना शिकण्यात किंवा वागणुकीत अडचण राहते, डोकं तेवढं मोठं राहतं. फुगलेलं व्हाइट मॅटर म्हणजे मेलेलं नव्हे, पाण्याचा कारभार सुधारला तर ते परत येऊ शकतं, हे या मुलांनी दाखवून दिलंय. आता बघायचंय ते इतकंच की एमएलसी1 गेलेल्या मेंदूत ही दुरुस्ती कुठल्या वयापर्यंत शक्य आहे, आणि त्यासाठी एकाच मुलाचे वर्षानुवर्षांचे एमआरआय, चालण्याच्या नोंदी आणि फिटच्या डायऱ्या लागणार आहेत. अशी कुटुंबं जगात विखुरलेली आहेत आणि त्यातली बरीच आपल्या देशात आहेत. जुनी फिल्म, जुना रिपोर्ट, डोक्याच्या घेराचा पहिला आकडा, काहीही टाकून देऊ नका.